हाडं ठिसूळ व्हायला लागलीत, गोळ्या नेमक्या कुठल्या आणि वजनं उचलायची की नाही?

निवांत_दुपार :
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. वय ५३, पाळी जाऊन तीन वर्षं झाली. आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं म्हणून डॉक्टरांनी माझंही डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारी तपासणी) करायला लावलं. कण्याचा टी-स्कोअर (तरुण निरोगी हाडांच्या तुलनेत आपली घनता किती ते सांगणारा आकडा) -२.१ आला आणि खुब्याचा -१.७. डॉक्टर म्हणाले हा ऑस्टिओपेनिया आहे, म्हणजे घनता थोडी कमी, ऑस्टिओपोरोसिस (हाडं फार ठिसूळ होणं) नाही, कॅल्शियम घ्या, व्हिटॅमिन डी घ्या, व्यायाम करा, दीड-दोन वर्षांनी परत बघू. संपली अपॉइंटमेंट. व्यायाम करा म्हणजे नक्की काय करा हे विचारेपर्यंत पुढचा पेशंट आत आलेला.

आता जो भेटेल तो डॉक्टर. मी रोज चालते, आठवड्यातून दोनदा पोहायला जाते, तर जिममधला ट्रेनर म्हणतो याने हाडांना काही होत नाही, वजनं उचला. नणंद म्हणते हाडं नाजूक झालीत आणि वजनं कसली उचलतेस, मोडून घेशील कुठेतरी. ऑफिसातली एक मैत्रीण व्हिटॅमिन के२, मॅग्नेशियम, कोलॅजेन असं काय काय घेते, तिने मला आख्खी यादीच पाठवलीये. आणि जी साधी कॅल्शियमची गोळी मी घेतेय तिच्यावर मोठ्या अक्षरात १२५० मि.ग्रॅ. कॅल्शियम कार्बोनेट आणि खाली बारीक अक्षरात एलिमेंटल कॅल्शियम ५०० मि.ग्रॅ. असं लिहिलंय, मग मी घेतेय किती? शिवाय ती सुरू केल्यापासून पोट साफ होत नाही. सकाळी उपाशीपोटी थायरॉईडची गोळी असते, ऍसिडिटीची पण बऱ्याचदा चालू असते. कुणी नीट समजावून सांगेल का?

गोळीवाला :
औषधाच्या काउंटरमागे उभं राहून हा लेबलचा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की पाटीच लावावी म्हणतो. ताई, तुमच्या शरीराच्या कामाचा आकडा तो बारीक अक्षरातला. कार्बोनेटमध्ये वजनाच्या ४० टक्के कॅल्शियम असतं, म्हणून १२५० मधून ५०० मिळतं. सायट्रेट असेल तर साधारण २१ टक्केच, म्हणून तेवढ्याच कॅल्शियमसाठी गोळ्या जास्त किंवा मोठ्या लागतात.

गोळी वाढवायच्या आधी खाण्यातलं मोजा. पन्नाशीनंतर बायकांना दिवसाला १२०० मि.ग्रॅ. लागतं ते सगळं मिळून, गोळीतून १२०० नाही. एक मोठा कप दूध म्हणजे जवळपास ३००. दोन वेळा दूध-दही होत असेल आणि बाकी जेवण बरं असेल तर तुमची तूट एका गोळीत भरून निघते, काहींना तीही लागत नाही. लोक सकाळी एक, रात्री एक, वर मल्टिव्हिटॅमिन, वर कॅल्शियम घातलेली पावडर असं करून २००० च्या वर जातात, आणि या वयात २००० ही वरची मर्यादा आहे. आणि एका वेळी ५०० पेक्षा जास्त घेतलं की त्यातलं शोषलं जाण्याचं प्रमाण घटतं, त्यामुळे एकदम दोन घेण्यात अर्थ नाही.

कार्बोनेट विरघळायला पोटात ऍसिड लागतं म्हणून ती जेवणाबरोबरच घ्यायची. तुम्ही ऍसिड कमी करणारी गोळी घेताय (पँटोप्राझोल, ओमेप्राझोल वगैरे असेल), म्हणजे एका हाताने ऍसिड काढून घ्यायचं आणि दुसऱ्या हाताने ऍसिड लागणारी गोळी घालायची. डॉक्टरांना सायट्रेटबद्दल विचारा, ती उपाशीपोटीही चालते आणि बऱ्याच जणांना बद्धकोष्ठाचा त्रासही कमी होतो. ऍसिडिटीची गोळी सवयीने चालू असेल तर तिचीही खरंच गरज आहे का ते विचारून घ्या, त्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्ये फ्रॅक्चर थोडी जास्त दिसतात.

थायरॉईडची गोळी आणि कॅल्शियम यांच्यात चार तासांचं अंतर हवंच. नाहीतर कॅल्शियम तिला पोटातच धरून ठेवतं, टीएसएच (थायरॉईडच्या रक्ततपासणीतला आकडा) वाढतो आणि मग डॉक्टर थायरॉईडचा डोस वाढवत बसतात. सकाळी थायरॉईड, दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणासोबत कॅल्शियम. लोहाची गोळी असेल तर तीही वेगळ्या वेळेला.

फिजिओ_मी :
पेशाने फिजिओ आहे, रोज असेच रिपोर्ट घेऊन लोक येतात. तुमचा ट्रेनर आणि तुमची नणंद दोघंही अर्धे अर्धे बरोबर आहेत.

हाडाला आपण मेलेली काठी समजतो पण ते जिवंत आहे, एकीकडे जुनं हाड खरवडून काढणाऱ्या पेशी आणि मागोमाग नवं भरणाऱ्या पेशी असं काम सतत चालू असतं. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा भाग दर वर्षी नवा होतो. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं, खरवडणं वाढतं आणि भरणं मागे पडतं, म्हणून पहिली पाच-सात वर्षं घसरण सगळ्यात वेगाने होते, आणि तुम्ही नेमक्या त्याच टप्प्यात आहात. कुठे भरायचं हे हाड ताणावरून ठरवतं. टेनिस खेळणाऱ्यांच्या खेळत्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं, रक्त तेच, जेवण तेच, फरक फक्त माराचा. याउलट अंतराळवीरांचं खुब्याचं हाड वजनरहित अवस्थेत महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटतं.

यावरून पोहण्याचं लक्षात आलं असेल. पाणी तुमचं वजन उचलून धरतं. सायकलचंही तसंच, वजन सीटवर. हृदयाला, सांध्यांना दोन्ही उत्तम, बंद करू नका, पण हाडाच्या खात्यात ते जमा धरू नका. चालण्याने खुब्याला थोडंफार मिळतं पण रोजचं तेच चालणं हाडाला ओळखीचं असतं. त्याला नेहमीपेक्षा जास्त, झटकन येणारा आणि वेगवेगळ्या दिशेचा भार लागतो, आणि तो थोडाच पुरतो, तासभर नको.

ऑस्ट्रेलियात लिफ्टमोर नावाची एक चाचणी झाली, २०१८ साली छापून आली. पाळी गेलेल्या, हाडांची घनता कमी असलेल्या १०१ बायका, सरासरी वय ६५. एका गटाने आठवड्यातून दोनदा अर्धा अर्धा तास डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं), स्क्वॉट (वजन घेऊन उठबशा), डोक्यावर वजन ढकलणं आणि बारला लटकून जोरात खाली उतरणं हे केलं, पाच वेळा उचलायचं असे पाच सेट, तेही जेमतेम पेलेल इतकं वजन घेऊन. दुसऱ्या गटाने घरी हलका व्यायाम. आठ महिन्यांनी पहिल्या गटाच्या कमरेच्या मणक्यांची घनता २.९ टक्के वाढली, दुसऱ्याची १.२ टक्के घटली. आणि दुखापत म्हणाल तर कंबर किंचित धरल्याची एक नोंद. पण (इथे तुमच्या नणंदेचा मुद्दा येतो) प्रत्येक सेशनला शिकवणारं माणूस समोर उभं होतं आणि पहिला महिना नुसतं तंत्र शिकण्यात, हलक्या वजनात गेला. हे वाचून उद्या जिममध्ये जाऊन बार उचलायचा नाहीये.

तुम्ही सुरुवात काठीने करा. लांब सरळ काठी पाठीवर उभी धरायची, एक हात मानेमागे, एक कमरेमागे. काठी तीन ठिकाणी टेकली पाहिजे, डोक्याची मागची बाजू, दोन खांद्यांच्या मधला भाग आणि माकडहाड. आता गुडघे किंचित सैल सोडून ढुंगण मागे ढकला, जणू मागचं कपाटाचं दार ढुंगणाने बंद करायचंय. वाकताना काठी तिन्हीपैकी एका जरी ठिकाणाहून सुटली तर समजायचं वाकणं कण्यातून झालं, खुब्यातून नाही. बहुतेकांची आधी माकडहाडाकडची सुटते. काठी न सुटता व्यवस्थित दहा-बारा वेळा जमायला लागलं की मग हातात हलकं वजन. हेच पुढे डेडलिफ्ट होतं.

जे करायचं नाही ते पण सांगते. पाठ गोल करून पुढे वाकणं, सिट-अप्स, पायाचे अंगठे धरणं, वाकून त्याच झटक्यात वळून काही उचलणं. मेयो क्लिनिकमधून १९८४ साली आलेला जुना अभ्यास आहे, मणके आधीच ठिसूळ असलेल्या बायकांचा. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्या गटात ८९ टक्क्यांच्या मणक्यांत नवी मोड दिसली, पाठ मागे ताणणाऱ्या गटात १६ टक्के. अभ्यास छोटा होता पण तेव्हापासून आम्ही लोक पुढे वाकण्याच्या बाबतीत फार सावध असतो. तुम्ही अजून त्या पायरीवर नाही, तरी सवय आत्ताच बदललेली बरी.

उन्हातला_माणूस :
एवढं सगळं कशाला? आपले आजी-आजोबा काय डेक्सा करत होते? रोज उन्हात बसा, डी फुकट मिळतं. हे सगळं गोळ्या खपवायचं तंत्र आहे.

संशयात्मा :
@उन्हातला_माणूस, गोळ्या खपवायचं तंत्र आहे यावर निम्मं अनुमोदन. पण ऊन किती पुरतं हे त्वचेचा रंग, वय, अंगभर कपडे, ऋतू आणि दिवसाची वेळ या सगळ्यावर ठरतं, आणि बंद काचेआडून बसलात तर कामाचे किरण काचच अडवते, नुसता घाम येतो. रक्त तपासल्याशिवाय कळत नाही.

निवांत_दुपार, मैत्रिणीच्या यादीबद्दल. आधी मोठ्या नावांपासून सुरू करू कारण तिथेच लोकांचा गैरसमज जास्त आहे. अमेरिकेत वुमेन्स हेल्थ इनिशिएटिव्हमध्ये ३६ हजारांवर बायकांना सरासरी सात वर्षं १००० मि.ग्रॅ. कॅल्शियम आणि ४०० युनिट डी किंवा नुसती खोटी गोळी दिली होती. २००६ च्या निकालात खुब्याची घनता जेमतेम एक टक्का बरी, खुब्याच्या फ्रॅक्चरमध्ये ठोस फरक नाही, आणि मुतखडे १७ टक्के जास्त. २०२२ मध्ये व्हायटल चाचणीचा निकाल आला, जवळपास २६ हजार लोक, रोज २००० युनिट डी, पाच वर्षांवर, फ्रॅक्चर कमी झाली नाहीत. मग डी फालतू आहे का? नाही ना. या लोकांमध्ये बहुतेकांना कमतरता नव्हतीच, भरलेल्या टाकीत पाणी ओतलं. याउलट १९९२ मध्ये फ्रान्समध्ये वृद्धाश्रमात राहणाऱ्या म्हाताऱ्या बायकांना १२०० मि.ग्रॅ. कॅल्शियम आणि ८०० युनिट डी दिलं तर खुब्याची फ्रॅक्चर ४३ टक्के कमी झाली, कारण त्यांच्यात दोन्हीची कमतरता होती. म्हणजे तूट असेल तर गोळी कामाची, तूट नसेल तर वरून घालून हाड काही जास्त होत नाही. आणि अति तर उलटतं, ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या बायकांना वर्षातून एकदाच पाच लाख युनिट डी दिलं (२०१० चा निकाल), तर पडणं आणि फ्रॅक्चर दोन्ही वाढलं.

के२ : जपानमध्ये एमके-४ हा प्रकार ४५ मि.ग्रॅ. एवढ्या डोसात औषध म्हणून देतात, आपण बाटलीत घेतो ते बहुतेक एमके-७ मायक्रोग्रॅममध्ये, ती गोष्ट वेगळी आणि पुरावा कच्चा. रक्त पातळ करणारी वॉरफरिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. मॅग्नेशियम : जेवण धड असेल तर हाडांसाठी वेगळं लागत नाही, हां बद्धकोष्ठाला मदत होते तेवढं खरं. कोलॅजेन : एक-दोन लहान अभ्यास बरे दिसतात पण पैसा विकणाऱ्यांचाच, माझ्या लेखी ती महागडी प्रथिनं. एक गोष्ट यादीत असेल तर मात्र नक्की काढा, व्हिटॅमिन ए ची रेटिनॉलवाली गोळी, ती जास्त झाली तर हाडांना वाईटच.

खिडकीपाशी :
वर सगळ्यांनी छान लिहिलंय. मला दोन गोष्टी सांगायच्यात ज्या कुणी विचारत नाही.

एक म्हणजे हाडं कमी होण्यामागे दुसरं कारण नाही ना ते बघितलंय का. थायरॉईडची गोळी गरजेपेक्षा जास्त होत असेल (टीएसएच फार खाली गेला असेल) तर हाडं झिजतात. स्टिरॉइडच्या गोळ्या तीन महिन्यांहून जास्त घेतल्या असतील, पॅराथायरॉईडची (कॅल्शियम सांभाळणाऱ्या गळ्यातल्या ग्रंथींची) भानगड असेल, सीलिॲक (ग्लुटेनमुळे होणारा आतड्याचा आजार) असेल, तर कितीही कॅल्शियम ओता. रक्तातलं कॅल्शियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), डी, टीएसएच, आणि डॉक्टरांना वाटलं तर पीटीएच (पॅराथायरॉईडचं हार्मोन), एवढं व्हायला हवं.

दुसरं, उंची मोजा. भिंतीला टेकून, डोक्यावर जाड पुस्तक ठेवून पेन्सिलने खूण. मणक्याची मोड खूप वेळा दुखतही नाही, माझ्या सासूबाईंना कंबर धरलीय एवढंच वाटत होतं आणि एक्सरेत दोन मणके चेपलेले. तरुणपणच्या उंचीपेक्षा चार सेंमी किंवा जास्त कमी झाली असेल तर वजनं बिजनं सोडा, आधी कण्याचा एक्सरे. तसं मोडलेलं निघालं तर टी-स्कोअर काहीही असो, उपचार वेगळे, मग आठवड्याची अॅलेंड्रोनेट ही हाडांची गोळी, वर्षाचं किंवा सहा महिन्यांचं इंजेक्शन यावर बोलणं होतं. आणि ते सहा महिन्यांचं इंजेक्शन सुरू केलं तर मनाने बंद करायचं नाही, बंद केल्यावर मणके भराभर मोडल्याच्या केसेस आहेत.

निवांत_दुपार :
बापरे, किती लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. उंची मोजली, जेमतेम एक सेंमी कमी आहे. डी चा जुना रिपोर्ट सापडला, १७ आहे. आठवड्याला ६०,००० युनिटची गोळी दिली होती, ती संपली, परत आणू का? आणि @फिजिओ_मी काठीचं करून बघितलं, माकडहाडाकडून सुटतेच आहे, हसू येतं. उजवा गुडघा जिना उतरताना कुरकुरतो, त्याचं काय? नणंदेला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला तर म्हणाली बघ, शिकवणारं माणूस हवं असं लिहिलंय की नाही.

गोळीवाला :
१७ म्हणजे कमीच, २० च्या वर हवं, काही डॉक्टर ३० चा आग्रह धरतात. ६०,००० चा कोर्स साधारण आठ आठवड्यांचा असतो आणि तो संपला की परत तोच मनाने सुरू करायचा नाही, रोजच्या लहान डोसावर यायचं. बहुतेकांना ८०० ते २००० युनिट पुरतात पण आकडा डॉक्टरांकडूनच घ्या. काउंटरवर सगळ्यात जास्त भीती मला एकाच गोष्टीची वाटते, आठवड्याची गोळी रोज खाणारे लोक. महिन्याभराने येतात ते उलट्या, सतत तहान, सारखी लघवी आणि भ्रमिष्टासारखं बोलणं घेऊन, रक्तात कॅल्शियम चढलेलं. त्यामुळे गोळीच्या पाकिटावरच वार लिहून ठेवा.

मधली_सुट्टी :
एक राहिलं, प्रथिनं. हाडाचा साचाच प्रथिनांचा असतो आणि पन्नाशीनंतर बायका नेमकं तेच कमी खातात. वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला एक ते सव्वा ग्रॅम. आणि मेनोपॉजनंतर पोट सुटलं म्हणून जे कडक डाएट करतात ना, त्यात चरबीबरोबर हाडही जातं, तेव्हा वजन कमी करायचंच असेल तर हळू आणि व्यायाम धरून. सिगारेटचं वेगळं सांगायला नको.

फिजिओ_मी :
@निवांत_दुपार, काठी सुटतेय म्हणजे मांड्यांच्या मागचे स्नायू आखडलेत, कमी वाका, आठवड्याभरात फरक पडेल. गुडघा नुसता कुरकुरत असेल, सूज नसेल, चालताना अडकत नसेल तर थांबायची गरज नाही. उड्या तूर्त नको. त्याऐवजी ओट्याला हात टेकून दोन्ही टाचा उचलायच्या आणि एकदम सोडायच्या, धप्प असा आवाज आला पाहिजे. खुर्चीवरून हात न लावता उठणं-बसणं, आणि दात घासताना एका पायावर उभं राहणं, हात बेसिनजवळ ठेवून. तोलाचा व्यायाम लोकांना फालतू वाटतो पण खुब्याचं हाड मोडतं ते बहुतेक वेळा पडल्यामुळेच. झोपेची गोळी घेत असाल, चष्म्याचा नंबर जुना असेल, रात्री बाथरूमच्या वाटेवर अंधार असेल तर ते पण याच खात्यातलं काम.

नणंदेचं ऐका, पहिले दोन-तीन महिने कुणाच्या तरी नजरेखाली करा. ट्रेनरला विचारा ऑस्टिओपेनियावाल्या किती जणींना शिकवलंय. गोंधळला तर फिजिओकडून तंत्र शिकून मग त्याच्याकडे जा. आठवड्यातून दोन दिवस, मधे किमान एक दिवस सुट्टी.

निवांत_दुपार :
चालेल, करते. सहा महिन्यांनी डेक्सा करून बघू का परत, उत्साह टिकेल तेवढाच?

फिजिओ_मी :
नको. खरवडून भरण्याचं एक चक्र पुरं व्हायलाच तीन ते सहा महिने लागतात आणि मशीनचीच दोन-तीन टक्क्यांची हालचाल असते, सहा महिन्यांत जे दिसेल ते बदल आहे की मशीनची चूक हे सांगता येणार नाही. दीड-दोन वर्षांनीच करा आणि त्याच मशीनवर करा, दुसऱ्या सेंटरच्या आकड्याशी तुलना होत नाही. आणि टाचेला जेल लावून अल्ट्रासाउंडने फुकट हाडं तपासतात त्या शिबिराचा आकडा डेक्साशेजारी ठेवू नका प्लीज, दर आठवड्याला कुणीतरी तो कागद घेऊन रडत येतं. उत्साहासाठी दुसरं मोजा, किती किलो उचलता आणि एका पायावर किती सेकंद राहता, वहीत तारीख घालून.

निवांत_दुपार :
शेवटचं विचारते, बूट कुठले घालू? माझे चालायचे जाड गुबगुबीत आहेत.

फिजिओ_मी :
वजन उचलताना ते नको, तळवा डुगडुगतो. सपाट कडक तळाचे घाला नाहीतर सरळ अनवाणी करा. टाचा आपटायला पण तेच.